डावखुऱ्यानं रायफल निवडताना : जागलीच्या मचाणापासून टेक्सासपर्यंत

गेल्या थंडीतली गोष्ट. हरभरा घाटे धरत होता, मी वावरात जागलीला होतो आणि रात्री अकराच्या सुमारास भाच्याचा फोन आला. तो नोकरीनिमित्त टेक्सासात. "मामा, इथं डाव्या हाताची बोल्ट रायफल भेटते म्हणते दुकानदार. मित्रांसंगं रोही मारायला जायचं आहे. घेऊ का?" मला आधी हसू आलं. ज्या रोह्यानं माझी तूर सपाट केली, त्याच्या मागं हा पोरगा सातासमुद्रापार पैसे मोजून जाणार! पण गोष्ट खरी आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण टेक्सासातल्या किंग रँचवर आपल्याकडचे रोही, म्हणजे नीलगायी, नेऊन सोडल्या. आज तिथं त्या हजारोंनी मोकळ्या फिरतात. त्यांच्या शिकारीला तिथं बंद हंगाम नाही, फक्त शिकारीचं लायसन आणि जमीनमालकाची परवानगी लागते.

आमच्या घरात डावखुरेपण आजीकडून आलं. मी डावरा, बहीण डावरी, तिचा हा पोरगाही डावरा. त्या रात्री त्याला फोनवर जे सांगितलं आणि नंतर गावातल्या दोन-तीन नव्या परवानाधारक पोरांना जे सांगत आलो, ते इथं लिहितो. वाचणारे दोन प्रकारचे असतील : इथं पीकराखणीसाठी बंदूक घेणारे, आणि परदेशात राहून मोठ्या जनावराच्या कायदेशीर शिकारीला जाणारे. दोघांचे रस्ते वेगळे आहेत, पहिले दोन टप्पे मात्र सारखेच.

आधी कायदा, कारण चुकलं तर रायफल राहते बाजूला

भारतात हौसेची शिकार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती संपवली. ताडोबा-मेळघाटात मालगुजारांचे आणि साहेबांचे शिकारीचे तळ पडायचे, तो काळ गेला. त्याच कायद्याच्या कलम ११ नुसार उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती वनविभागाकडून, लेखी, आणि आधी. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. हे दोन वेगळे कागद आहेत आणि लोक नेमके इथंच फसतात. आणखी एक : परवानगीनं मारलेलं जनावरही कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असतं. त्याची पंगत उठवायची नाही.

बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. अर्ज २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे, सोबत पोलीस पडताळणी आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा पावती सांभाळा. आमच्या बाजूच्या गावातल्या एकाची पावती पावसात भिजून लगदा झाली आणि बिचारा दोन महिने ठाण्याच्या पायऱ्या चढत राहिला.

परदेशातल्यांसाठी एकच गोष्ट सांगतो, पण ती महत्त्वाची. अमेरिकेत एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला तिथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे तिथल्या राज्यानं दिलेलं, चालू मुदतीचं शिकारीचं लायसन. म्हणजे क्रम उलटा आहे : आधी शिकारीचं लायसन, मग दुकान. भाच्याला हे माहीतच नव्हतं.

हात नाही, डोळा पाहा

डावखुरा आहे म्हणजे डाव्या खांद्यावरूनच नेम धरायचा, असं प्रत्येकजण धरून चालतो. तसं नसतं. आपला एक डोळा मालक असतो, दुसरा गडी. दोन्ही हात पुढं ताणा, दोन्ही पंजांमध्ये लहानसं तिकोनी भोक ठेवा आणि त्यातून दूरची एखादी वस्तू पाहा. मी पोरांना मारुतीच्या देवळाचा कळस दाखवतो. आता एक डोळा मिटा. कळस जागेवर राहिला तर उघडा डोळा मालक. कळस सरकून पंज्याआड गेला तर मिटलेला मालक. चार-पाच वेळा करा, घाई नको.

हात डावा आणि डोळाही डावा असेल तर प्रश्नच नाही, डाव्या खांद्यावरून चालवा. पण हात डावा आणि डोळा उजवा असणारे पुष्कळ निघतात. असा माणूस नवखा असेल तर माझा सल्ला सरळ आहे : उजव्या खांद्यावरून शिका. चाप ओढायला बोटाचं फार कसब लागत नाही. नेम डोळा धरतो. शिवाय उजव्या हाताच्या बंदुका जगभर ढिगानं मिळतात, डाव्या हाताच्या शोधाव्या लागतात. दुर्बीण लावली तर डोळ्याचा हा फरक बराच कमी होतो, कारण दुसरा डोळा मिटता येतो. पण नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच जुळवून नेम धरायचा असेल, तेही अंधाऱ्या पहाटे, तर मालक डोळाच हवा.

ही परीक्षा आधी करा, पैसे नंतर काढा. मी उलट केलं होतं. सुदैवानं माझा डोळाही डावाच निघाला.

उजवा बोल्ट डाव्या माणसाला नेमका कुठं अडतो

बोल्ट-अॅक्शन म्हणजे दर गोळीनंतर दांडी उचलायची, मागं ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढं ढकलायची, नवं काडतूस नळीत जातं, दांडी खाली दाबायची. ही सगळी मांडणी उजव्या हातासाठी. उजवा माणूस चापावरचाच हात उचलून हे करतो आणि डाव्या हातानं रायफल तोलून धरतो.

आता रायफल डाव्या खांद्याला लावा. गाल दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, उजव्या बाजूला येतो, म्हणजे बोल्टची दांडी आणि काडतूस बाहेर पडायची खिडकी तुमच्या तोंडाच्याच बाजूला. पहिली अडचण वेगाची : चापावरचा डावा हात सोडून रायफलीच्या वरून पलीकडं न्यायचा. वर दुर्बीण बसवलेली असली की हात तिला अडकतो. दुसरी अडचण नाकाची. मी पहिल्यांदा .३१५ ची रायफल डाव्या खांद्यावरून चालवली तेव्हा गाल न उचलताच बोल्ट मागं खेचला आणि दांडीवरचा अंगठा नाकावर बसला. रक्त आलं, वरून मित्र हसले. तिसरी अडचण खरी धोक्याची आहे. कधी काडतुसाची टोपी भोसकली गेली किंवा पितळ फाटलं, तर गरम वायू त्या खिडकीतून बाहेर येतो, आणि तुमचा डोळा त्याच बाजूला असतो. उजव्या रायफलीवर डाव्या खांद्यानं गोळी मारणाऱ्यानं चष्म्याशिवाय मारूच नये, मग चष्म्याचा नंबर असो वा नसो.

यातच एक गंमत आहे आणि ती फार कमी जण सांगतात. रायफल कशावर टेकलेली असेल, धुऱ्यावरची माती, मचाणावरचं रेतीचं पोतं, काहीही, तर उजवा बोल्ट डाव्या माणसाच्या उलट सोयीचा होतो. डावा हात चापाजवळ तसाच राहतो, गाल हलत नाही, आणि मोकळा उजवा हात बोल्ट चालवतो. बाकावर बसून नेमबाजी करणारे काही उजवे लोक याच कारणासाठी मुद्दाम डावा बोल्ट, म्हणजे दांडी डावीकडं असलेला, घेतात. म्हणजे "डावखुऱ्याला डावा बोल्ट पाहिजेच" हे अर्धंच खरं. उभ्यानं, हातावर तोलून, अंगावर येऊ शकणाऱ्या जनावरापुढं दुसरी गोळी झटकन लागणार असेल, तिथं मात्र डावा बोल्टच.

इथं विदर्भात : खरं तर रायफल घेऊच नका

कडू लागेल, पण सांगतो. पहिलं म्हणजे, आपल्याकडं सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. १९८० च्या दशकापासून ही बंदी आहे, सवलत नामांकित नेमबाजांना. म्हणून परदेशात मिळणारी डाव्या बोल्टची शिकारी रायफल गावातल्या शेतकऱ्याला मिळणं जवळपास अशक्य. दुसरं म्हणजे, पीकराखणीसाठी कायदाच मुळात ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो, आणि संरक्षणासाठी गुळगुळीत नळीच्या, वीस इंचांहून कमी नसलेल्या बंदुकीचा. रायफलीचा परवाना मागायचा तर कारणं भक्कम लागतात.

समजा मिळालाच, तर बाजारात मुख्यतः बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची .३१५ दिसेल. ही सैन्याच्या जुन्या .३०३ ली-एनफील्डच्या घडणीवर बेतलेली. .३०३ आणि ७.६२ सारख्या लष्करी बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) सामान्य नागरिकाला निषिद्ध, म्हणून .३१५. डावा बोल्ट त्यात नसतो. पण डावखुऱ्याच्या दृष्टीनं ली-एनफील्ड घडणीचे दोन गुण आहेत. मॉझरसारख्या रायफलीत दांडी नव्वद अंश उचलावी लागते, इथं साठेक अंशातच काम होतं. आणि घोडा चढतो तो बोल्ट पुढं ढकलताना, त्यामुळं उचलणं हलकं जातं. शिवाय सेफ्टीची कळ डाव्या बाजूला. वरून हात टाकून चालवायची वेळ आलीच, तर ही त्यातल्या त्यात कमी छळते.

पण मी स्वतः शेवटी बारा बोअरची दुनळी घेतली, आणि नव्या डावखुऱ्या पोरांना तीच सांगतो. दुनळी मधून मोडते, काडतुसं मधून निघतात. डावं-उजवं असं तिच्यात फारसं काही नसतंच. सेफ्टी वर मधोमध, अंगठ्याखाली. उघडायची कळ उजव्या अंगठ्यासाठी केलेली असते, आठवड्याभरात सवय होते. एकच पाहा : काही जुन्या दुनळ्यांचा दस्ता उजव्या माणसासाठी किंचित बाहेर वळवलेला असतो. डाव्या खांद्यावर तो गालाला टोचतो आणि नेम सरकतो. घेण्याआधी डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. माशी मधोमध दिसली पाहिजे.

दुनळीचा दुसरा फायदा आपल्या जमिनीचा आहे. काळ्या रानात टेकडी नाही, आडोसा नाही. .३१५ ची चुकलेली गोळी तीन-तीन किलोमीटर जाऊ शकते आणि त्या अंतरात दुसऱ्या कुणाची जागल असते, पांदणीनं कुणी मोटरसायकलवर येत असतं. एलजीचं, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं, काडतूस तीस-चाळीस मीटरवरच कामाचं, त्यापुढं भरवसा नाही. पण पीक राखायला तेवढं पुरतं. मचाणावरून खाली मारलं की छर्रे मातीत जातात. बहुतेक वेळा तर हवेतला आवाजच पुरतो. नुसता आवाजच हवा असेल तर सुतळी बॉम्ब आहेच, त्याला परवानाही लागत नाही. आणि तारेत करंट सोडणाऱ्यांशी मी बोलतच नाही. त्यानं माणसंही मेलीत आणि वाघही.

गमतीची गोष्ट म्हणजे भद्रावती, भंडारा, अंबाझरी, इतके दारूगोळ्याचे कारखाने आपल्या विदर्भात, आणि बारा बोअरचं शक्तिमान काडतूस यायचं ते पुण्याजवळच्या खडकीहून.

परदेशात घेणाऱ्यासाठी : दुकानात काय पाहायचं

तिथं चित्र वेगळं. सॅव्हेज कंपनीची ११० ही रायफल १९५८ साली आली आणि लगेच तिची डावी आवृत्तीही निघाली. परवडणाऱ्या किमतीत कारखान्यातून डावा बोल्ट देणाऱ्या पहिल्या रायफलींत ती मोडते. आज टिक्का, रेमिंग्टन ७००, रुगर, ब्राउनिंग एक्स-बोल्ट, वेदरबी, सर्बियाची झास्तावा, सगळ्यांच्या डाव्या आवृत्त्या निघतात किंवा निघत आल्या आहेत. जर्मनीच्या ब्लेझर आर-८ मध्ये दांडी उचलावीच लागत नाही, सरळ मागं-पुढं. सुरेख काम आहे, पण किंमत ऐकून भाचा गप्प झाला.

डाव्या रायफलीत बोअरची निवड कमी असते, किंमत थोडी जास्त, आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक कमी. हे धरूनच चाला.

फसवणूक कुठं होते? भाच्याला पहिल्या दुकानात "लेफ्ट हँड" म्हणून जी दाखवली, तिचा फक्त दस्ता डाव्या गालासाठी केलेला होता, बोल्ट उजवाच! मी त्याला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, फिरव, नीट दाखव. दांडी डावीकडं पाहिजे, काडतूस बाहेर पडायची खिडकीही डावीकडं पाहिजे, आणि गालाचा उंचवटा दस्त्याच्या उजव्या अंगाला. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच ती डावी रायफल. सेफ्टी मधोमध, अंगठ्याखाली असेल तर उत्तम, सॅव्हेज आणि रुगर अमेरिकनमध्ये तशी असते. बाजूला असेल तर तीही डाव्या बाजूला हलवलेली आहे का ते पाहा.

मग माप. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा इंच असतं. ते सरासरी अमेरिकन अंगाचं. आपल्या चणीच्या माणसाला अर्धा-पाऊण इंच कमी बरं पडतं, त्यात थंडीचं जाड जाकीट घातलं की आणखी. लांब दस्ता काखेत अडकतो. वजन दुर्बिणीशिवाय सव्वातीन ते साडेतीन किलो ठीक. हलकी रायफल चालताना गोड वाटते आणि गोळी सुटली की त्याचा हिशेब खांद्याकडून वसूल करते. दुर्बीण अशी बसवा की डोळा आणि काच यांत आठ-नऊ सेंटीमीटर तरी राहतील, नाहीतर भुवईवर कायमचा चंद्र उमटतो. दुर्बीण लावूनच बोल्ट चालवून पाहा, दांडी तिला घासता कामा नये.

बोअर : रोह्यासाठी किती मोठी?

इथं पोरं सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि इथंच सगळ्यात कमी घालवायला पाहिजे. रोह्याचा नर दोनशे-अडीचशे किलोचा, चामडी जाड, छाती खोल. टेक्सासातले वाटाडे .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी जोरकस बोअर सुचवतात. तिचा धक्का मोठा. नवखा माणूस दोन गोळ्यांत घाबरतो आणि तिसरीला चाप ओढतानाच डोळे मिटतो. मी भाच्याला .३०-०६ सांगितली. १९०६ पासून चालत आलेली, काडतूस कुठल्याही गावात मिळतं, डाव्या रायफलींत हमखास असते. चांगली, न फुटता आत जाणारी जड गोळी आणि दीडशे मीटरच्या आतलं अंतर, एवढं पाळलं तर रोह्याला पुरते. .३०८ ही १९५२ ची, थोडी सौम्य, तीही चालेल. .२७० हरणांना छान, मोठ्या रोह्याला काठावर.

आफ्रिकेत म्हैस-हत्तीच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी अनेक देशांत .३७५ ही कायद्यानंच किमान बोअर आहे. ती १९१२ पासूनची. तिथं मात्र डाव्या बोल्टवर तडजोड करू नका. पण पहिली रायफल म्हणून ती घेणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या खांद्यालाच काय ते सांगू द्या.

सराव

दोन्हीकडच्यांसाठी सुरुवात एकच : .१७७ ची छर्ऱ्याची एअर रायफल. वीस ज्यूलच्या आतली असेल तर आपल्याकडं परवाना लागत नाही. तीही मधून मोडणारी घ्या, डावा-उजवा प्रश्नच येत नाही. मागं मातीचा ढीग, पुढं पत्र्याचा डबा. पाखरांवर नाही, त्यालाही वन्यजीव कायदा आहे.

मग खरी रायफल आली की पहिले पंधरा दिवस गोळी न भरता. नकली काडतूस घाला, रायफल खांद्याला लावा, बोल्ट चालवा, गाल दस्त्यावरून न उचलता. रोज पन्नास वेळा. भाच्यानं शेवटी डाव्या बोल्टची टिक्का घेतली, .३०-०६ मधली. आठवड्यानं फोन आला, "मामा, बोल्ट डावीकडं आहे पण हात उजवीकडंच जाते!" जाणारच. कॉलेजात असताना त्यानं एनसीसीच्या उजव्या .२२ वर हात बसवला होता. मी म्हटलं, पन्नास नाही, रोज शंभर कर. रोही कुठं पळून जात नाही, तो आत्ताही माझ्या तुरीत उभा आहे.